मेंटेनन्स बिलाची ॲटॅचमेंट: घरात लिहायची की बाहेरून आणायची?

पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी. धंदा एकच, हाउसिंग सोसायट्यांचे हिशेब: मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकीवरचं व्याज, मार्चअखेरचा ताळेबंद. ग्राहक सोसायट्या सुमारे तीनशे, सोसायटीमागे सरासरी साठ फ्लॅट. कंपनीचं नाव देत नाही, आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. दर तिमाहीला बिलं तयार झाली की सोसायटीचे सेक्रेटरी किंवा मॅनेजर स्क्रीनवरचं 'सर्वांना पाठवा' हे बटण दाबतात आणि प्रत्येक सभासदाला त्याचं बिल पीडीएफ ॲटॅचमेंट म्हणून मेलवर जातं. म्हणजे जायला हवं.

सप्टेंबर संपता संपता तीन तऱ्हेच्या तक्रारी एकदम आल्या. काही सभासदांना मेलचा विषय आणि फाइलचं नाव धड वाचता येत नव्हतं. एका मोठ्या सोसायटीत निम्म्या लोकांना तेच बिल दोनदा गेलं. आणि वार्षिक सभेची नोटीस ऑडिट रिपोर्टसह पाठवायला गेलेल्या सोसायट्यांचे मेल सरळ परत येत होते.

मालकांनी बैठक बोलावली, त्यात बाहेरचा माणूस म्हणून मलाही. टेबलावर एक कोटेशन होतं. एका विक्रेत्याचा तयार कंपोनंट: पीडीएफ बनवणार, जोडणार, पाठवणार, रिपोर्ट देणार. वार्षिक लायसन्स, रक्कम सहा आकडी. मूळ कोड लिहिणाऱ्या डेव्हलपर मॅडमचं मत स्पष्ट होतं. "सर, ॲटॅचमेंटच तर लावायचीय. दीडशे ओळींचं काम. त्याला लायसन्स कशाला?" मालक म्हणाले, "अहो, पण सकाळपासून फोन येतायत ते त्या दीडशे ओळींवरच ना!"

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून तर बैठक लांबली.

दीडशे ओळींत काय होतं

ईमेलची मूळ रचना फक्त साध्या मजकुरासाठी आहे. 1982 साली ठरलेल्या एसएमटीपी या पद्धतीत इंग्रजी अक्षरांच्या ओळी जातात, आणि ओळीच्या लांबीलाही मर्यादा आहे. फोटो, पीडीएफ, मराठी अक्षरं यातलं काहीच त्यात थेट बसत नाही. त्यावर तोड निघाली ती 1992 मध्ये, माइम या मानकाने. नॅथॅनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड हे त्याचे कर्ते. त्या वर्षी मार्चमध्ये बोरेनस्टीन यांनी पाठवलेल्या मेलला त्यांच्या हौशी गायक चौकडीचा फोटो आणि गाण्याची फाइल जोडलेली होती. माइम पद्धतीची पहिली ॲटॅचमेंट म्हणून तिचाच दाखला देतात. लोकांना ॲटॅचमेंट हवी कशाला, असं तेव्हा त्यांना विचारलं जायचं म्हणे.

माइमची युक्ती साधी आहे. फाइलचे तीन बाइट घ्यायचे, त्यांची चार इंग्रजी अक्षरं करायची, 76 अक्षरांवर ओळ तोडायची. मेलचा मजकूर आणि प्रत्येक फाइल यांच्यामध्ये एक ठरावीक खूण टाकायची, म्हणजे समोरच्या प्रोग्रॅमला कुठे काय संपलं ते कळतं. पीएचपी या वेबसाइटमागे चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या मॅडमच्या फंक्शनमध्ये हेच होतं: खूण तयार करा, हेडर (मेलच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी) जोडा, फाइल बेस-64 मध्ये (हीच ती तीनाची चार अक्षरं करायची पद्धत) बदला, पीएचपीच्या तयार मेल फंक्शनकडे सोपवा. कोड वाईट नव्हता. ओळी जपून तोडलेल्या होत्या, टिपा लिहिलेल्या होत्या. फाइलचं नाव आणि विषय इंग्रजीत असेपर्यंत वर्षानुवर्षं तो निमूट चालला.

मग विक्रीच्या लोकांनी ग्राहकांना सांगून टाकलं की बिलं आता मराठीतही मिळतील.

एका रिकाम्या जागेची करामत

विषयाच्या ओळीत मराठी लिहायचं तर तेही इंग्रजी अक्षरांत बदलावं लागतं. नियम असा की असा बदललेला प्रत्येक तुकडा 75 अक्षरांपेक्षा लांब नको. तुकड्याच्या मागेपुढे 'हे यूटीएफ-8 (सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत) आहे, बेस-64 मध्ये आहे' असं सांगणारी 12 अक्षरं जातात. उरतात 63. बेस-64 चारच्या पटीत चालतं, म्हणून कामाची 60. म्हणजे मूळचे 45 बाइट. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलन्त, तीन बाइट घेतं. 45 भागिले 3, पंधरा चिन्हं. गणित चोख जुळतं.

मॅडमनी तेच केलं होतं: 45 बाइट झाले की काप, पुढचा तुकडा सुरू. पण शब्दांमधली रिकामी जागा एकाच बाइटची असते, आणि इंग्रजी आकडेही. पहिल्या 45 बाइटांत अशी एक किंवा दोन चिन्हं आली की काप बरोबर एखाद्या अक्षराच्या पोटात पडतो. अर्धं अक्षर या तुकड्यात, अर्धं पुढच्यात. तुकडे आधी जोडून मग वाचणाऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये ते नीट दिसतं. प्रत्येक तुकडा वेगळा वाचणाऱ्यात त्या जागी प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात. तीन रिकाम्या जागा आल्या की गणित परत जुळतं.

'एप्रिल ते जून देखभाल बिल' हा विषय घेऊन मोजून पाहा. पहिला तुकडा 'देखभाल'मधल्या 'ख'वर बरोबर संपतो, कारण त्याआधी नेमक्या तीन रिकाम्या जागा आहेत. चाचणीला हाच नमुना होता, त्यामुळे सगळं आलबेल. सोसायटीचं नाव किंवा फ्लॅटचा नंबर विषयात घातला की कुठे तुटेल ते सांगता येत नाही. 'कधी येतं, कधी येत नाही' ही ग्राहकाची तक्रार शब्दशः खरी होती, आणि सपोर्टच्या मुलांना ती खोटी वाटत होती, कारण त्यांच्याकडे नमुन्याचा विषय नीटच दिसायचा.

फाइलच्या नावाची गत निराळी. त्यासाठी 1997 साली आरएफसी 2231 हा स्वतंत्र नियम आला, त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशा रूपात लिहायचा. 'देखभाल' या सहा चिन्हांच्या शब्दाचे 18 बाइट, म्हणजे हेडरमध्ये 54 अक्षरं. नाव लांब असेल तर त्याचेही क्रमांक घातलेले तुकडे करायचे. फंक्शनमध्ये यातलं काही नव्हतं, मराठी नाव तसंच्या तसं अवतरणचिन्हांत टाकलेलं. काही प्रोग्रॅम ते सांभाळून घेतात, काही त्या जागी युरोपीय भाषांची टोपीवाली अक्षरं दाखवतात, आणि काही वेळा फाइलचं शेपूट हरवून फोनला ती पीडीएफ आहे हेच ओळखता येत नाही.

हे सगळं दुरुस्त करता येण्यासारखं होतं. पीएचपीमध्येच बहुबाइटी अक्षरं न तोडता हेडर तयार करणारं फंक्शन आहे. पण असे किती कोपरे शिल्लक आहेत, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. कोड तपासताना आणखी एक सापडला. सोसायटीच्या फॉर्ममधून आलेलं नाव आणि पत्ता न तपासता हेडरमध्ये जात होता. कोणी त्यात नवी ओळ घुसवली असती तर आपल्याच सर्व्हरवरून हव्या त्या पत्त्यांना गुप्त प्रती पाठवता आल्या असत्या.

माझं मत इथे पक्कं झालं. संदेश बांधण्याचं काम घरात ठेवण्यात काहीच राम नाही. माइमचे नियम सगळ्या जगाला सारखे आहेत आणि ते पाळणाऱ्या मोफत, मुक्त परवान्याच्या लायब्ररी (तयार कोडचे संच) वीस-वीस वर्षं लोकांनी घासून गुळगुळीत केल्या आहेत.

मॅडमचा आक्षेप मात्र वजनदार होता. "डिसेंबर 2016 आठवतोय का, सर?" तेव्हा पीएचपीमेलर या सर्वांत जास्त वापरात असलेल्या लायब्ररीत मोठं भोक सापडलं होतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात खोडसाळ मजकूर घातला तर तो थेट सेंडमेल प्रोग्रॅमला आज्ञा म्हणून पोचत होता, आणि त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. 5.2.18 या आवृत्तीत दुरुस्ती आली, लगेच तिलाही बगल देता येते असं दिसलं आणि 5.2.20 काढावी लागली. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस आणि जूमला या सॉफ्टवेअरसोबत हीच लायब्ररी येते, त्यामुळे गाजावाजा मोठा झाला. त्याच सुमारास स्विफ्टमेलर आणि झेंड मेल या लायब्ररींमध्येही याच जातीची भोकं निघाली. पुढे स्विफ्टमेलरची देखभालच 2021 च्या नोव्हेंबरअखेर थांबली आणि लोकांना सिम्फनी मेलरकडे जावं लागलं.

यावर उत्तर एवढंच की आपल्या फंक्शनमधलं भोक आपल्याला कोणी येऊन सांगितलं नव्हतं. तिथे निदान कोणीतरी शोधलं, जाहीर केलं, दुरुस्तही केलं. पण आणलेली लायब्ररी ताजी ठेवणं हे काम आपल्या पदरात पडतं, हे मॅडमचं म्हणणं खरंच होतं. महिन्याला एकदा आवृत्त्या तपासायच्या, हे काम त्यांनी स्वतःच्या नावावर लिहून घेतलं आणि पीएचपीमेलर घ्यायचं ठरलं.

दोनदा गेलेली बिलं

या तक्रारीचा ॲटॅचमेंटशी संबंधच नव्हता, आणि बैठकीतला सर्वांत जास्त वेळ तिने खाल्ला.

बटण दाबलं की वेब पेजच्या मागे एक लूप सुरू व्हायचा: फ्लॅट घे, बिल काढ, मेल पाठव, पुढचा फ्लॅट. वीस-पंचवीस फ्लॅटच्या सोसायटीत हे खपून जातं. अडीचशे फ्लॅटच्या संकुलात वेब सर्व्हर ठरलेल्या वेळेनंतर हात वर करतो आणि स्क्रीनवर एरर येतो. तोवर शंभरेक मेल गेलेले असतात. सेक्रेटरींना वाटतं, गेलंच नाही. ते पुन्हा बटण दाबतात. ए विंगला दोन बिलं, डी विंगला एकही नाही, आणि संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून महाभारत.

विक्रेत्याच्या कंपोनंटने हे सुटलं असतं का? मी विचारलं तर उत्तर आलं, "आमच्याकडे बॅच रिपोर्ट आहे." म्हणजे अमुक बॅचमध्ये अमुक इतके पाठवले. फ्लॅट नंबर बी-304 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या बिलाचं काय झालं, हे त्यात दिसत नव्हतं. दिसणार तरी कसं? फ्लॅट, तिमाही, सहमालक, भाडेकरू या गोष्टी त्या कंपोनंटला ठाऊकच नाहीत.

आणि सोसायटीला हवं असतं नेमकं तेच. थकबाकीवर व्याज लागलं की सभासदाचं पहिलं वाक्य असतं, "मला बिल मिळालंच नाही, व्याज कसलं लावता?" त्या वेळी मॅनेजरच्या हातात काय आहे, यावर या कंपनीचा ग्राहक टिकतो किंवा जातो. मेल पाठवणं कुठेही मिळतं. कोणत्या फ्लॅटचं कोणतं बिल, कोणत्या पत्त्यावर, किती वाजता गेलं, समोरच्या सर्व्हरने घेतलं की परत पाठवलं, याची नोंद ठेवणं हा या कंपनीचा धंदा आहे. सहा आकडी रक्कम देऊन नेमकी तीच गोष्ट हातची जाणार होती.

म्हणून हा भाग घरात लिहायचं ठरलं, आणि नीट लिहायचं. डेटाबेसमध्ये पाठवणीचं एक टेबल. बटण दाबल्यावर मेल जात नाही, टेबलात फक्त ओळी पडतात: सोसायटी, फ्लॅट, बिल नंबर, पत्ता. या चारींचा संच दोनदा पडूच शकत नाही, डेटाबेसच नाकारतो. सेक्रेटरींनी बटण दहा वेळा दाबलं तरी ओळ एकच. मागे दर मिनिटाला चालणारा छोटा प्रोग्रॅम रांगेतल्या ओळी उचलतो, मेल पाठवतो, निकाल त्याच ओळीत लिहितो. समोरचा सर्व्हर 250 म्हणाला तर 'स्वीकारलं'. 4 ने सुरू होणारा आकडा आला तर थोड्या वेळाने पुन्हा. 5 ने सुरू होणारा आला तर 'परत आलं', पुन्हा प्रयत्न नाही, मॅनेजरच्या यादीत नाव.

'पोचलं' हा शब्द स्क्रीनवर मुद्दाम ठेवला नाही. 250 चा अर्थ त्यांच्या सर्व्हरने घेतलं इतकाच. पुढे ते इनबॉक्समध्ये पडलं की स्पॅममध्ये, ते आपल्याला दिसत नाही. मालकांना 'पोचलं' हवं होतं, विकायला बरं पडतं म्हणून. यावर मी हटून बसलो. उद्या उपनिबंधकांपुढे तक्रार गेली आणि हा कागद काढला तर त्यावर खरं तेवढंच असावं.

ऑडिट रिपोर्टचं वजन

महाराष्ट्रात सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि आदर्श उपविधींप्रमाणे नोटीस 14 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सगळ्या सोसायट्या एकाच वेळी जाग्या होतात. नोटिशीसोबत हिशेबपत्रकं जातात, आणि ती बहुतेक वेळा सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली. ऑडिटरच्या ऑफिसातला मुलगा रंगीत आणि भरपूर डीपीआय ठेवून स्कॅन करतो. पंचवीस-तीस पानांची फाइल सहज 20 एमबी होते.

आता माइमचं गणित लावा. तीनाचे चार झाले, 26.7 एमबी. दर 76 अक्षरांमागे ओळ संपवणारी दोन चिन्हं, साधारण 27.4. 25 एमबीच्या आसपास मर्यादा ठेवणाऱ्या सर्व्हरकडून मेल परत. "पण फाइल तर वीसचीच आहे!" हा सपोर्टला येणारा ठरलेला प्रश्न. स्वतःच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्रॅम बसवला तर त्याची मूळ सेटिंग याहून कडक, 10,240,000 बाइट. शिवाय साठ सभासदांना अशी फाइल पाठवायची तर एका सोसायटीमागे दीड जीबीहून जास्त डेटा, तोही त्याच त्या फाइलच्या साठ प्रती.

इथे घरचं की विकतचं हा वादच फोल होता. कोणताही कंपोनंट समोरच्या सर्व्हरची मर्यादा वाढवू शकत नाही. दोन गोष्टी केल्या. अपलोड होतानाच स्कॅनमधली चित्रं आवळून फाइल लहान करायची, त्यासाठी घोस्टस्क्रिप्ट हे जुनं आणि भरवशाचं हत्यार आहे. आणि त्यानंतरही 5 एमबीच्या वर राहिली तर जोडायची नाही, लिंक द्यायची.

लिंकवर समित्यांनी कुरकुर केली, आणि ती रास्त होती. अनोळखी लिंकवर क्लिक करू नका असं बँका आणि पोलीस रोज सांगतात, त्यामुळे ज्येष्ठ सभासद क्लिक करत नाहीत. शेवटी असं ठरलं की नोटीस, विषयपत्रिका आणि सभेची तारीख-वेळ मेलच्या मजकुरातच पूर्ण लिहायची आणि लहान पीडीएफ म्हणून जोडायचीही. लिंक फक्त जाडजूड हिशेबपत्रकांसाठी, सोबत 'छापील प्रत सोसायटी कार्यालयात मिळेल' हे वाक्य. ते वाक्य एका चेअरमन काकांनी सुचवलं आणि फोन अर्ध्यावर आले.

पोस्टमन कोण?

संदेश बांधायला लायब्ररी, नोंद ठेवायला घरचं टेबल. राहिलं प्रत्यक्ष पाठवणं.

आतापर्यंत मेल शेअर्ड होस्टिंगवरून जात होते. तिथे एका आयपी पत्त्यावर शेकडो अनोळखी वेबसाइटी असतात. त्यातल्या एकाने फालतू जाहिरातींचे मेल मारले की आपलं बिलही संशयित. त्यात भर अशी की फंक्शन 'प्रेषक' म्हणून सोसायटीचाच जीमेल पत्ता लावत होतं. मेल आपल्या सर्व्हरवरून, पत्ता जीमेलचा. ही तर सरळ तोतयेगिरी झाली, हेतू कितीही चांगला असो. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने याबाबत नियम कडक केले. एका दिवसात जीमेलच्या पत्त्यांवर 5000 च्या आसपास किंवा जास्त मेल पाठवणारा तो मोठा प्रेषक. त्याच्याकडे एसपीएफ (या डोमेनचे मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ती सूचना) तिन्ही हवेत, आणि स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली हवं. एकदा ती संख्या ओलांडली की कायमचा मोठा प्रेषक. तिमाहीच्या पहिल्या तारखेला 18,000 बिलं काढणारी कंपनी त्यात न मोजली जाणं अवघड.

आता 0.3 टक्के म्हणजे किती? अठरा हजारांत 54 माणसं. आणि सोसायटीच्या बिलाला 'स्पॅम' कोण म्हणतं ते बघितलं तर गंमत होती. फ्लॅट विकून गेलेले मालक. सोसायटीने नाव बदललं नाही, बिल त्यांनाच जातंय, दोनदा सांगून झालंय, तिसऱ्यांदा ते स्पॅमचं बटण दाबतात. यावर तंत्रज्ञानात उपाय नाही. फ्लॅटच्या हस्तांतराची नोंद झाली की जुना पत्ता आपोआप बंद होईल, हा बदल हिशेबाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये करावा लागला.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायची मॅडमची तयारी होती. पोस्टफिक्स उत्तम आहे, याबद्दल वाद नाही. पण नव्या आयपी पत्त्याची पत हळूहळू वाढवावी लागते, आणि या कंपनीचे मेल तिमाहीतून दोन-तीन दिवस धो-धो, बाकी शांत. अशा चालीला मोठे मेलवाले लवकर विश्वास देत नाहीत. म्हणून पाठवणं भाड्याने घेतलं, ॲमेझॉनच्या एसईएस सेवेकडून, मुंबई विभागात. प्रेषकाचा पत्ता कंपनीच्या खास बिलांसाठी काढलेल्या उपडोमेनचा, दिसणारं नाव सोसायटीचं, आणि उत्तर द्यायला गेलं की ते सेक्रेटरींच्या जीमेलवर. जाहिरातीचे मेल त्या उपडोमेनवरून कधीच जाणार नाहीत, ही अट मालकांकडून लेखी घेतली.

भाडं किती? हजार मेलना 0.10 डॉलर, ॲटॅचमेंटच्या डेटाला जीबीमागे 0.12 डॉलर. 18,000 मेलचे 1.80. बिल 200 केबीचं धरलं तर 3.6 जीबी, त्याचे सुमारे 0.43. तिमाहीला सव्वादोन डॉलर, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. हा आकडा फळ्यावर लिहिल्यावर ते कोटेशन कोणीतरी उचलून फाइलमध्ये ठेवलं.

पण भाड्याच्या घरात मालकाचे नियम असतात. परत येणाऱ्या मेलचं प्रमाण 5 टक्क्यांवर गेलं की खात्याची तपासणी, 10 टक्क्यांवर गेलं की पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. तीनशे सोसायट्या एकाच खात्यातून पाठवतात. त्यातल्या एका नव्या सोसायटीने दहा वर्षांपूर्वीची, हाताने टाइप केलेली यादी चढवली की प्रमाण बिघडतं ते सगळ्यांचं. म्हणून नव्या सोसायटीची पहिली पाठवणी थेट होत नाही. आधी पत्त्यांची छाननी, 'जीमेल'चं स्पेलिंग चुकलेले पत्ते वेगळे, मग थोडे-थोडे. शिवाय एकदा परत आलेला पत्ता ती सेवा स्वतःच्या रोखयादीत टाकते, आणि पुढे दुसऱ्या सोसायटीने पाठवलं तरी जात नाही. ज्यांचे दोन सोसायट्यांत फ्लॅट आहेत त्यांची दोन्हीकडची बिलं थांबतात. ती रोखयादी रोज आपल्या टेबलात ओढून घ्यायचं काम नंतर वाढलं. कोटेशनच्या तुलनेत हे कोणी धरलं नव्हतं.

डेटाच्या जबाबदारीचा मुद्दाही निघाला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी करवून घेणाऱ्याचीच राहते. सभासदाची थकबाकी ही काही चारचौघांत वाचायची गोष्ट नाही.

चाचणीत सापडलेली फाइल

आणि नेमकं त्याच बाबतीत नव्या व्यवस्थेने पहिल्याच चाचणीत घाम फोडला. नव्या मुलाने पीएचपीमेलरचं एकच ऑब्जेक्ट लूपच्या बाहेर तयार केलं, आत प्रत्येक फ्लॅटसाठी पत्ता बदलला आणि फाइल जोडली. पत्ते दर वेळी पुसायची ओळ त्याने लिहिली होती. ॲटॅचमेंट पुसायची राहिली. ए-101 ला एक बिल गेलं, ए-102 ला दोन, ए-103 ला तीन. शेवटच्या फ्लॅटला अख्ख्या विंगची बिलं, थकबाकीसकट. चाचणीचे सगळे पत्ते ऑफिसमधलेच होते म्हणून निभावलं.

लायब्ररीचा यात दोष नाही. पत्ते आणि ॲटॅचमेंट पुसायची दोन वेगळी फंक्शनं तिच्यात आहेत आणि कागदपत्रांतही तसं लिहिलंय. विकतचा कंपोनंट असता तरी कोणती फाइल कोणाला, हे आपल्याच कोडने ठरवलं असतं. त्यावर मॅडमनी पाठवणीच्या प्रोग्रॅममध्ये एक तपासणी घातली. मेल निघण्याआधी ॲटॅचमेंट मोजायच्या. बिलाच्या मेलला नेमकी एक हवी. फाइल तयार होताना तिची संगणकीय खूण टेबलात लिहिलेली असते, ती जोडलेल्या फाइलशी ताडून बघायची, आणि बिलावरचा फ्लॅट नंबर ओळीतल्या फ्लॅट नंबरशी. काहीही जुळलं नाही तर ती ओळ नाही, अख्ख्या सोसायटीची रांग थांबते आणि फोन वाजतो. त्या वीसेक ओळी या सगळ्या प्रकल्पातल्या सर्वांत मोलाच्या आहेत असं मला वाटतं, आणि त्या कुठेही विकत मिळत नाहीत.

नवी व्यवस्था जानेवारीच्या बिलांना थोड्या सोसायट्यांवर आणि एप्रिलपासून सगळीकडे लागली. दुबार बिलांची तक्रार थांबली. मराठी विषय नीट दिसतात. परत आलेल्या पत्त्यांची यादी मॅनेजरांना रोज सकाळी दिसते. काही सोसायट्या ती दुरुस्त करतात, बऱ्याच अजून करत नाहीत.

भाड्याची सेवा बंद पडली किंवा खातं अडकलं तर काय, हा मालकांचा प्रश्न मात्र जिवंत होता. त्यासाठी मॅडमचं पोस्टफिक्स एका छोट्या सर्व्हरवर बसवून ठेवलंय. पाठवणीचा मार्ग सेटिंगमधल्या एका ओळीत बदलतो, कारण संदेश बांधणं आणि नोंद ठेवणं दोन्ही त्या सेवेपासून वेगळं आहे. वर्षातून दोनदा एखाद्या लहान सोसायटीच्या पावत्या मुद्दाम त्या मार्गाने काढतात. पहिल्या वेळी त्या सर्व्हरवर डीकेआयएमची सही लावायची राहिली होती आणि बरेच मेल स्पॅममध्ये गेले. ती किल्ली आता तिथेही बसवली आहे, आणि तपासणीच्या यादीत तिची स्वतंत्र ओळ आहे.